दुमजली जाळी घ्यावी, पण मोजून घ्यावी

नायगावच्या एका वाचक भगिनींचे पत्र आहे. त्या लिहितात, "यजमानांनी हौसेने सिरॅमिकची कोळशाची शेगडी घेतली. आता दुकानदार तिच्यासाठी दुमजली जाळी, तिमजली जाळी, अर्धगोल जाळ्या, दगडी चकत्या असे एकेक काढून दाखवतो. यांतले खरोखर लागते काय? घरात सासूबाई आणि मी शाकाहारी, बाकीचे तिघे मासे खाणारे."

असा प्रश्न हल्ली पुष्कळ घरांत पडतो, तेव्हा उत्तर सर्वांसाठीच देते.

ही अंड्याच्या आकाराची शेगडी मूळची जपानकडची. तिला 'कामादो' म्हणतात आणि त्या शब्दाचा अर्थ चूलच! दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकांनी ती आपल्या देशी नेली आणि तिथून ती जगभर गेली. जाड मातीची भिंत, वर जड झाकण, खाली हवेची खिडकी आणि माथ्यावर धुराचे भोक, एवढेच तिचे यंत्र. आपल्या चाळींतल्या, आतून मातीने लिंपलेल्या लोखंडी शेगडीची ती दूरची मावसबहीण म्हणा ना!

त्या जुन्या शेगडीला मजले नव्हते. पण वापरणारीला ते ठाऊक होते. रताळी निखाऱ्यांत पुरायची, वांगे निखाऱ्यांवर भाजायचे, आमटी उतू जाऊ लागली की पातेल्याखाली अडणी सरकवायची. विस्तव तोच, अंतर बदलले की आच बदलली. दुमजली जाळी घेताना आपण पैसे मोजतो ते या अंतराचे. अधिक जिन्नस मावतात, हा वरचा फायदा.

मात्र एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. झाकण उघडे असताना वरचा मजला मंद असतो, कारण तो निखाऱ्यांपासून दूर. झाकण लावले की चित्र पालटते. गरम हवा घुमटात साठते, तापलेले झाकण वरून आच देते, आणि वरच्या मजल्यावर जिन्नस वरच्या बाजूने लालसर होऊ लागतो. पूर्वी नानखटाई भाजताना झाकणावर निखारे ठेवीत, तोच हा प्रकार. म्हणून पाव, पनीर, भरलेली सिमला मिरची वर. बांगडा, कणीस, भरताचे वांगे खाली. झाकणावरचा तापमापक घुमटातली उष्णता सांगतो, खालच्या जाळीवरची सांगत नाही, हेही लक्षात असू द्या.

आता मापे. शेगडीचा बाहेरचा व्यास निरुपयोगी, कारण भिंतच जाड असते. थंड शेगडीत जाळी जिथे टेकते तिथला आतला व्यास मोजा, पुठ्ठ्याचे वर्तुळ कापा आणि ते आत ठेवून झाकण लावून पाहा. वरच्या मजल्यासाठी असेच दुसरे वर्तुळ कापा. घुमट वर निमुळता होत जातो, तेव्हा ते लहानच भरेल. दोन मजल्यांत निदान चार इंच अंतर हवे, नाहीतर वांगे मावणार नाही आणि चिमटा धरलेला हातही शिरणार नाही. जाळी घट्ट बसणारी नको. पंचेचाळीस सेंटिमीटरची पोलादी जाळी अडीचशे अंशांनी तापली की सुमारे 2 मिलिमीटर वाढते. तेवढ्याने मातीच्या भिंतीला तडा जाऊ शकतो. सगळीकडून बोटाच्या जाडीइतकी फट असू द्या.

धातूच्या बाबतीत नायगावकरांनी विशेष जपावे. शेजारी खाडी, आजूबाजूला मिठागरे, वर चार महिने पाऊस. बिडाची जाळी आच छान धरते. पण तेलाचा हात फिरवायला चुकलात की आठवड्यात तांबेरते. स्टेनलेस स्टील, तेही 304 प्रतीचे, इथे बरे. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. तापलेल्या जस्ताची वाफ आरोग्याला घातक असते. तयार जाळी बसत नसेल, तर वसई पूर्वेला वालीव-गोखिवरे भागात औद्योगिक गाळे आहेत. पुठ्ठ्याचे वर्तुळ घेऊन गेल्यास कुशल कारागीर सळया वळवून जाळी बनवून देऊ शकेल. घासायला तारेचा ब्रश नको. त्याची तार तुटून घासात जाते. जाळी कोमट असताना काथ्याने किंवा अर्ध्या कांद्याने घासा.

आता सासूबाईंचा प्रश्न. इथे अर्धगोल जाळ्या कामाला येतात. एक अर्धी शाकाहारासाठी राखून ठेवा, तिच्यावर खूण करा आणि ती नेहमी वरच्या मजल्यावर लावा. माशाचे तेल खाली ठिबकते, वर चढत नाही. वास मात्र चढतो! ज्यांना तोही चालत नाही, त्यांचे पदार्थ आधी भाजून घ्यावेत, मासे मागाहून. यात वाद नाही आणि खर्चही नाही.

तेव्हा खरेदी एवढीच: शेगडीबरोबर आलेली मुख्य जाळी, चार इंच उंचीच्या अडणीवर बसणारी एक अर्धगोल जाळी, आणि निखाऱ्यांवर अर्ध्या भागात आडवी ठेवायची एक अर्धगोल दगडी चकती. चकतीमुळे एका बाजूला थेट आच आणि दुसऱ्या बाजूला भट्टीसारखी आच मिळते. पाच माणसांच्या घरात तिसरा मजला अडगळच होतो. तिथे हात पोचत नाही आणि झाकण टेकते.

शेवटची गोष्ट सगळ्या जाळ्यांहून मोलाची. कोळसा लोणारीच वापरा, आणि शेगडी गच्चीवर किंवा मोकळ्या अंगणातच पेटवा. गच्ची सोसायटीची असेल तर परवानगी घेऊन. सरकत्या काचा लावलेली गॅलरी म्हणजे मोकळी जागा नव्हे. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके जड होते, झोप येते आणि माणूस उठत नाही. स्वयंपाक आटोपला की खालची खिडकी आणि माथ्याचे भोक बंद करा. हवेवाचून निखारे विझतात आणि उरलेला कोळसा पुढच्या खेपेला कामी येतो. पण शेगडी पूर्ण गार होईपर्यंत, थंडी कितीही पडो, घरात आणू नका.

लक्ष्मीपूजनाचा फराळ झाला की भाऊबिजेच्या संध्याकाळी गच्चीवर पहिले वांगे भाजून पाहा. खालच्या मजल्यावर, झाकण उघडे ठेवून!