एका नदीकाठच्या पेठेचा ताळेबंद



शहराची पेठ एका दिवसात ओस पडत नाही. आधी एखादे मोठे दुकान शहराबाहेरच्या हमरस्त्यावर जाते. मग त्याच्या आधाराने चालणारी शेजारची चार दुकाने संध्याकाळी लवकर बंद होऊ लागतात. गिऱ्हाईक म्हणते, तेथे आता काही मिळत नाही. व्यापारी म्हणतो, आता गिऱ्हाईकच येत नाही. दोघेही खरेच बोलत असतात, आणि पेठ मात्र दिवसेंदिवस खचत जाते. व्यापारी घराण्यांत वाढलेल्या वाचकांना हे चक्र समजावून सांगण्याची गरज नाही. ते उलटे फिरवता येते काय, आणि येत असेल तर पहिला हात कोणी लावावा, हा प्रश्न मात्र विचार करण्याजोगा आहे. अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील चॅटनूगा या शहराने गेल्या अर्धशतकात त्याचे एक उत्तर दिले. ते उत्तर निर्दोष नाही, आणि त्यामुळेच ते नीट वाचण्यासारखे आहे.

टेनेसी नदीच्या वळणावर, डोंगरांच्या कुशीत हे शहर वसले आहे. नदी आणि रेल्वे यांच्या जोरावर तेथे लोखंडाच्या फाउंड्र्या, बॉयलरचे कारखाने आणि कापड गिरण्या उभ्या राहिल्या. व्यापाराच्या इतिहासातील एक विलक्षण करारही याच शहराशी जोडलेला आहे. १८९९ साली येथील दोन वकिलांनी, बेंजामिन थॉमस आणि जोसेफ व्हाइटहेड यांनी, कोका-कोलाचे मालक एसा कँडलर यांच्याकडून ते पेय बाटलीत भरून देशाच्या बहुतेक भागांत विकण्याचा हक्क केवळ एका डॉलरच्या नाममात्र मोबदल्यात मिळवला. ज्या पेयाची विक्री तोवर दुकानातल्या ग्लासातून होत होती, त्याच्या बाटलीला भविष्य आहे हे त्यांनी ओळखले. लवकरच जॉन लप्टन हे तिसरे भागीदार आले. या धंद्यातून जी घराणी श्रीमंत झाली, त्यांपैकी लप्टन घराण्याचे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

कारखाने वाढले तसा धूरही वाढला, आणि डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यातून तो बाहेर पडेना. भरदुपारी मोटारींना दिवे लावून जावे लागे. १९६९ साली वॉल्टर क्रॉंकाइट या विख्यात वृत्तनिवेदकाने चॅटनूगाची हवा देशात सर्वांत घाणेरडी असल्याची बातमी संध्याकाळच्या वार्तापत्रात साऱ्या देशाला सांगितली. शहराची अब्रू चव्हाट्यावर आली. त्याच वर्षी शहराने आणि जिल्ह्याने हवेच्या प्रदूषणाविरुद्ध कडक नियम केले आणि कारखान्यांना १९७२ पर्यंतची मुदत दिली. कारखानदारांना धूर रोखण्याच्या यंत्रणेवर सुमारे चार कोटी डॉलर खर्च करावे लागले. या खर्चातून कोणाचे उत्पादन वाढणार नव्हते. ती आधीच्या पिढ्यांनी हवेच्या खात्यावर काढलेली उचल होती, ती आता फेडायची होती. संघराज्य सरकारच्या मानकांत शहर बसले ते १९८९ साली, म्हणजे वीस वर्षांनी.

हवा निवळू लागली, पण पेठ काही जागी झाली नाही. फाउंड्र्या आणि कारखाने एकामागून एक माणसे कमी करू लागले. १९८० साली सुमारे एक लाख सत्तर हजार असलेली लोकवस्ती १९९० पर्यंत एक लाख बावन्न हजारांवर आली. एका दशकात दहांतला एक माणूस उणा झाला. रेल्वेचे भव्य स्थानक १९७० साली बंद पडले. स्थानिक उद्योजकांनी ते पाडू न देता १९७३ मध्ये तेथे हॉटेल सुरू केले. हे धाडस कौतुकाचे होते, परंतु एका इमारतीला जीवदान दिल्याने तिच्या भोवतीची पेठ जिवंत होत नाही, हाही धडा त्यातून मिळाला.

याहून खोल जखम माणसामाणसांतील होती. १९८० च्या एप्रिलमध्ये वर्णद्वेषी संघटनेच्या तिघा जणांनी नाइन्थ स्ट्रीट या कृष्णवर्णीयांच्या जुन्या बाजाररस्त्यावर महिलांवर गोळ्या झाडल्या. त्यांतील दोघांना ज्यूरीने निर्दोष सोडले तेव्हा शहरात दंगल उसळली. रस्त्यावर उतरायला गोरे भीत होते, आणि न्यायालयावरचा कृष्णवर्णीयांचा विश्वास उडाला होता. अशा शहरात दिवे आणि फरसबंदी कितीही सुंदर केली तरी बाजार कसा भरणार?

येथे लप्टन घराण्याचा भाग येतो. पहिल्या लप्टन यांचे नातू जॅक लप्टन हे बाटलीबंद पेयांचा मोठा व्यवसाय सांभाळत होते, आणि घराण्याच्या पैशातून उभा राहिलेला लिंडहर्स्ट प्रतिष्ठान हा धर्मादाय निधी शहरात काम करीत होता. १९८१ साली या निधीच्या साहाय्याने शहराच्या मध्यभागी पाच रात्री विनामूल्य संगीताचे कार्यक्रम झाले. दंगलीला जेमतेम वर्ष झाले होते, म्हणून पुष्कळांना भीती वाटत होती. पण गोरे आणि कृष्णवर्णीय एकाच मोकळ्या जागेत बसून गाणे ऐकून घरी गेले आणि काहीही विपरीत घडले नाही. पुढच्या वर्षापासून त्याचा नदीकाठचा वार्षिक उत्सव झाला. बांधकामाची एक वीटही न रचता लोकांची पावले मध्यवस्तीकडे वळवणारे हे पहिले काम होते.

पुढे १९८४ साली चॅटनूगा व्हेंचर ही नागरिकांची संस्था स्थापन झाली. तिने ‘व्हिजन २०००’ या नावाने शहरवासीयांच्या बैठका घेतल्या. शतक संपेल तेव्हा हे शहर कसे असावे, एवढाच प्रश्न होता, आणि ज्याला यायचे असेल त्याला दार उघडे होते. वीस आठवड्यांत सुमारे १७०० माणसे आली आणि त्यांच्या बोलण्यातून चाळीस उद्दिष्टे ठरली. नदीकाठ मोकळा करा, जुना पूल वाचवा, गरिबांना परवडतील अशी घरे द्या, घरात मारहाण सोसणाऱ्या स्त्रियांसाठी निवारा उभारा. ही यादी एखाद्या सल्लागाराने केली असती तर तीत नदी आली असती, कदाचित पूलही आला असता, पण त्या स्त्रियांचा निवारा आला असता काय, याची शंका वाटते. ज्याला विचारले जाते, तोच आपले दुःख सांगतो.

बैठकांत ठरलेले कागदावर राहू नये म्हणून १९८६ साली रिव्हर सिटी कंपनी ही ना-नफा तत्त्वावरील कंपनी स्थानिक निधी आणि बँका यांच्या भांडवलावर निघाली. मध्यवस्तीतील जागा घेणे, ती सांभाळणे आणि योग्य बांधकाम करणाऱ्यालाच देणे, हे तिचे काम. जागेचा भाव चढेपर्यंत धरून ठेवणारे पुष्कळ असतात. शहराला शोभेल असा ग्राहक येईपर्यंत जागा धरून ठेवणारी पेढी विरळा. परवडणाऱ्या घरांसाठीही त्याच वर्षी वेगळी संस्था उभी राहिली.

१ मे १९९२ रोजी नदीकाठी गोड्या पाण्यातील जलचरांचे भव्य मत्स्यालय खुले झाले. साडेचार कोटी डॉलरचा हा खर्च खासगी देणग्यांतून झाला. जॅक लप्टन यांनी स्वतः मोठी रक्कम घातली आणि इतरांकडूनही निधी मिळवला. बुडत्या शहरात मासे पाहायला कोण येणार, म्हणून लोक थट्टेने त्याला ‘जॅकची माशांची टाकी’ म्हणत. पहिल्याच वर्षी दहा लाखांहून अधिक प्रेक्षक आले. त्याच सुमारास मध्यवस्तीत विजेवर चालणारी विनामूल्य बससेवा सुरू झाली. तिची योजना व्यापाऱ्याने दाद द्यावी अशी आहे. पेठेच्या दोन टोकांना वाहनतळ बांधले, तेथील भाड्याच्या उत्पन्नाचा आधार बससेवेला दिला, आणि मधल्या रस्त्यावर माणसे चालू लागली. मोटारीत बसलेला माणूस दुकानासमोरून निघून जातो, पायी चालणारा थांबतो.

१८९१ साली बांधलेला वॉलनट स्ट्रीट पूल धोकादायक ठरून १९७८ मध्ये बंद झाला होता आणि तो पाडण्याचे ठरत होते. नागरिकांनी तो वाचवला. पाडकामासाठी असलेला पैसा दुरुस्तीकडे वळवण्यात आला आणि पुलावर आपल्या कुटुंबाच्या नावाची छोटी पाटी लावण्यासाठी सामान्य लोकांनीही पैसे दिले. १९९३ साली सुमारे सातशे मीटर लांबीचा हा पूल केवळ पादचाऱ्यांसाठी उघडला. त्याच्या पलीकडच्या तीरावरील मरगळलेला बाजारही त्यामुळे पुन्हा उभा राहिला.

पण याच पुलाच्या खात्यावर एक जुनी बाकी होती. १९ मार्च १९०६ च्या रात्री एड जॉन्सन या कृष्णवर्णीय तरुणाला जमावाने तुरुंगातून ओढून काढून या पुलावर फासावर लटकवले. त्याची शिक्षा देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने नुकतीच स्थगित केली होती. न्यायालयाचा हा अवमान केल्याबद्दल तेथील शेरीफवर सर्वोच्च न्यायालयाने स्वतः खटला चालवून त्याला दोषी ठरवले. जॉन्सनची शिक्षा मात्र न्यायालयाने रद्द केली ती २००० साली, आणि पुलाच्या दक्षिण टोकाशी त्याचे स्मारक झाले ते २०२१ मध्ये. पर्यटकांच्या आवडत्या जागी असा फलक नको, धंद्यावर परिणाम होईल, असे म्हणणे सोपे होते. शहराने तसे म्हटले नाही. चोख हिशेबात जुनी बाकी पुसून टाकायची नसते, ती पुढच्या पानावर ओढायची असते. १९०६ ची ही बाकी मान्य करायला शहराला ११५ वर्षे लागली, हेही लिहून ठेवले पाहिजे.

नेतृत्वाचा विचार करताना आणखी एक गोष्ट विसरू नये. देणगीदार आणि नागरिकांच्या बैठका यांच्याबरोबरच न्यायालयाचाही येथे हात होता. शहराचे कारभारी साऱ्या शहराच्या एकत्रित मतदानाने निवडले जात, त्यामुळे कृष्णवर्णीय वस्त्यांचा आवाज बुडे. काही कृष्णवर्णीय नागरिकांनी दावा लावला. १९८९ साली न्यायालयाने ही पद्धत मतदान हक्काच्या कायद्याविरुद्ध ठरवली आणि १९९० पासून नऊ प्रभागांची नगरपरिषद आली. बैठकीला बोलावणे हा मोठेपणा झाला, पण ज्याला मत आहे त्याला बोलावण्याची वाट पाहावी लागत नाही.

पुढचा इतिहास थोडक्यात असा. २००५ पर्यंत बारा कोटी डॉलर खर्चून नदीकाठ नव्याने बांधला गेला. २०१० मध्ये शहराच्या सार्वजनिक वीजमंडळाने घरोघरी अतिवेगवान इंटरनेट पोचवले आणि नव्या उद्योगांना आमंत्रण दिले. युद्धकाळात स्फोटके बनवणाऱ्या बंद कारखान्याच्या जमिनीवर २०११ साली फोक्सवॅगनच्या मोटारी तयार होऊ लागल्या. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या एक लाख ऐंशी हजारांच्या वर गेली.

ही जमेची बाजू झाली. खर्चाची बाजूही वाचलीच पाहिजे. मध्यवस्तीची भाडी चढली आणि साध्या रोजगारावरच्या कुटुंबांना ती झेपेनाशी झाली. जो नाइन्थ स्ट्रीट एकेकाळी कृष्णवर्णीयांचा गजबजलेला बाजार होता, त्याच्या आसपासच्या वस्तीतून जुनी कुटुंबे कमी होत गेली. पडत्या काळात जे पेठेला धरून राहिले, ते चढत्या काळात पेठेबाहेर जाणार असतील, तर पेठ वाचली म्हणजे नेमके काय वाचले? चॅटनूगाला या प्रश्नाचे उत्तर अजून पुरते देता आलेले नाही.

व्यापारी कुटुंबांनी या ताळेबंदातून काय घ्यावे? पहिले, कामाचा क्रम. तेथे आधी हवा निवळू लागली, मग माणसे एकत्र बसली, मग त्यांना विचारले गेले आणि त्यानंतर इमारती उभ्या राहिल्या. हा क्रम उलटा केला तर इमारत उभी राहते आणि रिकामी राहते. दुसरे, धीर. धुराच्या कायद्यापासून मत्स्यालयापर्यंत तेवीस वर्षे गेली. एवढ्या मुदतीचा परतावा कोणत्याही पेढीच्या वार्षिक हिशेबात दिसत नाही, तो पुढच्या पिढीच्या वहीत दिसतो. तिसरे, देणाऱ्याची रीत. लप्टन घराण्याजवळ पैसा १९८४ च्या आधीही होता. पेठ सावरू लागली ती त्या पैशाने इतरांचे म्हणणे ऐकून घेतल्यावर.

म्हणून आपल्या पेठेच्या भल्यासाठी पुढच्या वेळी सभा बोलावली जाईल, तेव्हा निधीचा आकडा ठरवण्याआधी खुर्च्यांकडे एकदा पाहावे. हमाल, हातगाडीवाला, भाडेकरू दुकानदार, संध्याकाळी खरेदीला येणारी स्त्री आणि नोकरीसाठी शहर सोडू पाहणारा आपलाच मुलगा, यांपैकी कोणाला बोलावणे गेलेले नाही, ते पाहावे. जे राहिले असतील त्यांना निरोप पाठवावा आणि ते येईपर्यंत सभा सुरू करू नये.