एकच आहे हे पटलं, पण आहे हे कोण मानणार?

पोस्ट लांब आहे. एका इंग्रजी शब्दावर आहे म्हणून लगेच पुढे सरकू नका, विषय शेवटी रेशनच्या धान्यापर्यंत येतो.

शब्द आहे ‘युनिकली’. व्याकरणात याला क्रियाविशेषण म्हणतात, म्हणजे क्रिया कशी झाली ते सांगणारा शब्द. ‘युनिक’ म्हणजे ज्याच्यासारखं दुसरं नाही असं, आणि ‘युनिकली’ म्हणजे दुसरं कुणी नाही, हेच आणि एवढंच, अशा रीतीनं. मूळ लॅटिनमधलं. ‘युनस’ म्हणजे एक, त्यावरून ‘युनिकस’, मग फ्रेंचमधून इंग्रजीत. म्हणजे या शब्दाच्या पोटातच आकडा आहे. दुसरा निघाला की शब्द खोटा पडला. म्हणूनच इंग्रजीचे जुने मास्तर ‘मोस्ट युनिक’ लिहिणाऱ्याच्या वहीवर लाल रेघ मारायचे. मराठीत ‘सर्वांत एकमेव’ म्हणून बघा, आपलं आपल्यालाच हसू येतं.

पण हसतंय कोण? माझ्या मेलवर रोज ज्या प्रेसनोट येऊन पडतात त्यांत हा शब्द मिठासारखा असतो. क्लासवाल्यांचा कोर्स ‘युनिकली डिझाइन्ड’. बिल्डरचा प्लॉट ‘युनिकली लोकेटेड’, एकाच लेआऊटमधले सगळेच्या सगळे प्लॉट. तसं बघितलं तर ते खरंही आहे, दोन प्लॉट एका जागेवर असूच शकत नाहीत. आपल्याकडे सातबाऱ्यावर असतात, ती गोष्ट वेगळी. नोकरीच्या अर्जात पोरं लिहितात, मी या पदासाठी ‘युनिकली क्वालिफाइड’ आहे. एका जागेला तीनशे अर्ज आणि तीनशे जण एकमेव.

मराठीत आपण कमी आहोत असं नाही. ‘एकमेवाद्वितीय’ हा शब्द छांदोग्य उपनिषदातल्या वचनातून आलाय. आरंभी फक्त सत् होतं, एकच, दुसरं काही नव्हतं, एवढ्या मोठ्या गोष्टीसाठी तो वापरला गेला. आता तो वाढदिवसाच्या फ्लेक्सवर आहे. आपल्या मुख्य चौकात मागच्या महिन्यात एकाच वेळी तीन एकमेवाद्वितीय नेतृत्वं लटकत होती, त्यातलं एक वाऱ्यानं फाटून दुसऱ्यावर पडलेलं. सिंगापूरनं तर २००४ साली पर्यटनाची सगळी जाहिरातच ‘युनिकली सिंगापूर’ या दोन शब्दांवर उभी केली आणि २०१० मध्ये घोषवाक्य बदलून टाकलं. जाहिरातवाल्यांवर माझा राग नाही. तिथं हा शब्द अत्तरासारखा असतो, उडून जातो, कुणाचं पोट मारत नाही.

माझं भांडण आहे ते हा शब्द जिथं अत्तर नसून कायदा होतो, तिथं. त्याआधी मात्र जिथं तो नीट वापरला जातो त्या दोन जागा बघू, कारण त्याशिवाय फसवणूक कळणार नाही.

पहिली जागा गणित. एकपेक्षा मोठी कुठलीही पूर्ण संख्या मूळ संख्यांच्या गुणाकारात मांडता येते, आणि ती मांडणी ‘युनिकली’ होते. ८४ घ्या. २ गुणिले २ गुणिले ३ गुणिले ७. क्रम बदला हवा तर, पण यात ५ घुसवून दाखवा, जमणार नाही. जर्मन गणिती गाउस यानं १८०१ च्या ग्रंथात याची व्यवस्थित सिद्धता दिली. यातली खरी गंमत अशी की गणितवाला ‘युनिकली’ म्हणायच्या आधी दोन वेगवेगळे प्रश्न सोडवतो. पहिला, अशी मांडणी आहे का? दुसरा, असेल तर एकच आहे का? अस्तित्व आणि एकमेवपणा. दोन्ही सिद्ध केल्याशिवाय त्याला पुढे जाता येत नाही. हे दोन प्रश्न लक्षात ठेवा, पुढे रेशन दुकानात लागतील.

दुसरी जागा प्राणिशास्त्र. हत्यारं बनवणं हे ‘युनिकली ह्यूमन’, फक्त माणसाचंच, असं शास्त्रज्ञ धरून चालले होते. १९६० मध्ये जेन गुडॉल यांनी टांझानियातल्या गोंबेच्या जंगलात एक चिंपांझी पाहिला. तो गवताची काडी वारुळात घालून वाळवी बाहेर काढून खात होता, आणि डहाळीची पानं काढून काडी तयारही करत होता. झालं, ‘फक्त माणूस’ हा दावा गेला. शास्त्रानं तो सोडून दिला. पुरावा आला की मागे घ्यायचा, ही त्या शब्दाची किंमत आहे.

आता आपल्या सरकारकडे या.

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातले पहिले आधार क्रमांक वाटले गेले. पंतप्रधान मनमोहन सिंग आले होते, सोनिया गांधी आल्या होत्या. म्हणजे या गोष्टीची सुरुवातच महाराष्ट्रातल्या एका आदिवासी गावातून झालीय. योजनेचा गाभा एका वाक्याचा: प्रत्येक रहिवाशाला ‘युनिकली’ ओळखायचं. दहा बोटांचे ठसे, दोन डोळ्यांची बुबुळं, चेहऱ्याचा फोटो, आणि बारा आकडी नंबर. आज असे १३० कोटींहून जास्त नंबर दिले गेलेत. जी संस्था हे करते तिच्या इंग्रजी नावातच ‘युनिक’ आहे. मराठीत आपण तिला ‘भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरण’ म्हणतो, आणि ‘विशिष्ट’ म्हणजे मराठीत एकमेव नव्हे. विशिष्ट म्हणजे ठरावीक. विशिष्ट लोकांनाच पास मिळाला, असं आपण म्हणतो ना, तसं. भाषांतर करणाऱ्यानं नकळत खरं लिहून ठेवलंय, असं मला कधीकधी वाटतं.

एक गोष्ट आधीच सांगतो, नाहीतर कमेंटमध्ये पहिला दगड तोच येणार. बोगस रेशनकार्डं होती. मेलेल्यांच्या नावावर धान्य उचललं जात होतं, एका घराची चार-चार कार्डं होती, आणि त्यावर बातम्या मीही केल्यात. एका माणसाला दोन नंबर मिळू नयेत, ही अट चुकीची नाही. नोंदणीच्या वेळी तुमचे ठसे आधी नोंदलेल्या सगळ्यांशी ताडून बघतात आणि आधीच कुणी असेल तर नंबर देत नाहीत. इथं ‘युनिकली’ हा शब्द मेहनतीनं कमावलेला आहे, मान्य.

पण रेशन दुकानातलं मशीन हे काम करतच नाही! तिथं तुमचा अंगठा १३० कोटींशी ताडला जात नाही. तुम्ही आधी नंबर सांगितलेला असतो, आणि मशीन फक्त एवढंच विचारतं की हा अंगठा त्या एका नंबरमागच्या ठशाशी जुळतो का. एकमेवपणाचा प्रश्न नोंदणीच्या दिवशीच संपलेला असतो. दुकानात उरतो तो गणितवाल्याचा पहिला प्रश्न: हा माणूस आहे का? आणि तो समोर उभा असतो. पिशवी घेऊन. दुकानदार त्याला वीस वर्षं ओळखतो, त्याच्या पोराच्या लग्नात जेवून आलेला असतो. मशीन म्हणतं, जुळत नाही. मग तो नाहीच.

कुणाचे अंगठे जुळत नाहीत ते बघा. वीटभट्टीवर आयुष्य काढलेल्या बाईचे. ऊसतोड्याचे. लोकांची धुणीभांडी करून हाताची कातडी गेलेल्या मावशींचे. सत्तरी ओलांडलेल्या आजीचे, ज्यांच्या बोटांवरच्या रेघा आता आरशासारख्या गुळगुळीत झाल्यात. ज्याला धान्याची सगळ्यात जास्त गरज, त्याचीच बोटं सगळ्यात जास्त झिजलेली. आमदाराचा अंगठा कधी फेल गेल्याचं ऐकलंय? त्याला कुठं लावावाच लागत नाही म्हणा.

गेल्या महिन्यात एका दुकानासमोर तासभर उभा होतो. मुद्दाम. एका आजींनी पाच वेळा अंगठा लावला. पदराला पुसला, केसांच्या तेलाला लावला, पुन्हा लावला. मग दुसरं बोट, मग तिसरं. दुकानदार म्हणाला, ‘आजी, पुढच्या आठवड्यात या, सर्व्हर नीट झाल्यावर.’ सर्व्हर नीटच होता, मागच्या पोराचा एका झटक्यात लागला. आजी काही बोलल्या नाहीत. रिकामी पिशवी घडी करून काखेत मारली आणि निघाल्या. त्यांच्या जाण्याची कुठं नोंद झाली नाही, रजिस्टरवर नाही, मशीनवर दिसेल अशी नाही. कागदोपत्री त्या त्या दिवशी आल्याच नव्हत्या.

झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात सप्टेंबर २०१७ मध्ये अकरा वर्षांची एक मुलगी गेली. आधारशी जोडलेलं नाही म्हणून घराचं रेशनकार्ड रद्द झालं होतं आणि पोर भुकेनं गेली, असं आई सांगत होती. प्रशासन म्हणत होतं मलेरियानं गेली. वाद चालू राहिला. त्यानंतर महिनाभरात केंद्राच्या अन्न विभागाला राज्यांना लिहावं लागलं की आधार नाही किंवा ठसा जुळत नाही एवढ्यावरून कुणाचं धान्य नाकारू नका, दुसऱ्या ओळखपत्रावर द्या आणि नोंद ठेवा.

मग सप्टेंबर २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. पाच न्यायमूर्ती, चार विरुद्ध एक. बहुमताच्या निकालाची सुरुवातच ‘युनिक’ या शब्दाच्या कौतुकानं होते: सर्वोत्तम असण्यापेक्षा युनिक असणं बरं, सर्वोत्तम तुम्हाला पहिला करतं, युनिक तुम्हाला एकमेव करतं, अशा अर्थाचं. वाचायला छान आहे. शुभेच्छापत्रावर शोभेल. ठसा जुळला नाही म्हणून खऱ्या लाभार्थ्याला वंचित ठेवणार नाही, हे सरकारचं म्हणणंही त्याच निकालात नोंदलं गेलं. पाचवे न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी वेगळं लिहिलं. माणसाचा सन्मान आणि हक्क अल्गोरिदमच्या शक्यतांवर टांगता येत नाहीत, हा त्यांचा सूर. माझ्या मते आजींना पाहिलं असतं तर चौघांनीही हेच लिहिलं असतं, पण दिल्लीत रेशनच्या रांगा न्यायालयाच्या दारात लागत नाहीत.

आणि समजा, आपण खरंच ‘युनिकली’ ओळखले गेलो. मग बाकीचे नंबर कशाला? आरोग्यासाठी आभा, चौदा आकडी. पोराला शाळेत अपार, बारा आकडी. शेतकऱ्याला वेगळा शेतकरी ओळख क्रमांक. जमिनीच्या तुकड्याला भू-आधार, तोही चौदा आकडी. जाणकार सांगतात की वेगवेगळ्या कामाला वेगळा नंबर असलेला बरा, सगळी माहिती एका चावीनं उघडत नाही. पटण्यासारखं आहे. पण मग माणसाचे हे नंबर पुन्हा आधारशीच जोडायला का सांगता? लाडकी बहीणचं ई-केवायसी आठवा. बाईचा स्वतःचा आधार झाला की पुढच्या पानावर नवऱ्याचा नाहीतर बापाचा आधार, आणि त्याच्या मोबाईलवर येणारा ओटीपी. घराचं उत्पन्न तपासायचं होतं, हे कारण. असेल. पण विधवा, टाकलेल्या, माहेरही न उरलेल्या बायका सायबर कॅफेच्या बाकावर बसून विचारत होत्या, आता मी कुणाचा नंबर टाकू? सरकारी भाषेत त्या बाईसारखी दुसरी कुणी नाही. आणि तरीही तिची ओळख पटवायला पुरुष लागतो.

ही भाषा अशी काम करते. जाहिरातीत ‘युनिकली’ म्हणजे कौतुक. अर्जात बढाई. टेंडरमध्ये तर हत्यारच: अटी अशा लिहायच्या की त्यात एकच ठेकेदार बसावा, आणि मग फाईलवर शेरा, हाच एकमेव पात्र. केंद्राच्या २०१७ च्या वित्तीय नियमांत एकाच पुरवठादाराकडून खरेदी करायची मुभा आहे, पण ती वस्तू दुसरं कुणी बनवतच नाही, असं कारणासह लिहून सही करावी लागते. म्हणजे वस्तू ‘एकमेव’ ठरवताना सरकार साहेबाची सही मागतं. माणूस ‘नाही’ ठरवताना कुणाचीच सही लागत नाही. मशीनवर लाल दिवा लागला, बास.

मी पुरवठा शाखेत माहिती अधिकाराखाली अर्ज टाकतोय. प्रश्न तीनच आहेत. गेल्या वर्षभरात आपल्या तालुक्यात ठसा न जुळल्यामुळे किती वेळा व्यवहार फेल गेले, दुकानवार. त्यातल्या किती जणांना दुसऱ्या ओळखपत्रावर धान्य दिलं. आणि ते द्यायची नोंदवही प्रत्येक दुकानात आहे का, असेल तर पहिल्या पानाची प्रत. उत्तर आलं की इथंच टाकेन, नाही आलं तर तेही टाकेन.

तोवर तुमच्या गल्लीत, वस्तीवर कुणाला अंगठ्यापायी परत पाठवलं असेल तर तारीख आणि दुकान क्रमांक मला इनबॉक्समध्ये पाठवा. नाव छापणार नाही. आणि आज-उद्या रांगेत असाल तर ठसा जुळला नाही म्हणून नुसते परत येऊ नका, ‘दुसऱ्या ओळखपत्रावर द्या आणि वहीत लिहा’ एवढं म्हणा. ऐकलं नाही तर तिथूनच १९६७ वर फोन लावा, रेशनच्या तक्रारीचा तो सरकारी नंबर आहे. आजीसोबत नातवाला पाठवा. त्यांना एकट्याला बोलू देत नाहीत.