समुद्राचा श्वास मोजायचा कुणी?

मासे कुठे आहेत हे आता फोनवर कळतं. आपल्या किनाऱ्यावरची ही सगळ्यात लाडकी डिजिटल यशोगाथा. हैदराबादची 'इन्कॉइस' ही सरकारी संस्था उपग्रहांकडून समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्यातल्या हरितद्रव्याची माहिती घेते. त्यावरून मासे कुठे जमण्याची शक्यता आहे ते ठरवते आणि बंदरापासूनची दिशा, अंतर, खोली मच्छीमारांना कळवते. यात वाईट काहीच नाही. शोधाशोध कमी झाली की डिझेल वाचतं, आणि ट्रॉलरच्या हिशोबात डिझेल हा सगळ्यात जड आकडा असतो.

माझं भांडण या सल्ल्याशी नाही. तो जे सांगत नाही, आणि ते सांगण्याची गरज कुणालाच वाटत नाही, त्याच्याशी आहे. या सल्ल्यात तळाच्या पाण्यातल्या ऑक्सिजनचा आकडा नसतो. माशाला काय खायला मिळेल याचा अंदाज आपण बांधतो; त्याला श्वास घेता येईल का, हे विचारत नाही.

हा प्रश्न पश्चिम किनाऱ्यावर किती मोठा आहे ते बघा. अरबी समुद्रात साधारण १५० मीटरपासून १००० मीटर खोलीपर्यंत ऑक्सिजन जवळपास संपलेल्या पाण्याचा जाड थर आहे. जगातल्या सर्वांत तीव्र अशा थरांपैकी हा एक. पावसाळ्यात वारे आणि प्रवाह किनाऱ्यालगतचं वरचं पाणी बाजूला ओढतात आणि खालचं थंड, ऑक्सिजन कमी असलेलं पाणी उथळ भागात चढतं. त्यावर पावसाच्या आणि नद्यांच्या गोड्या पाण्याचा हलका थर झाकणासारखा बसतो, त्यामुळे हवेतला ऑक्सिजन खाली पोचत नाही. वर आलेल्या पाण्यात पोषक द्रव्यं भरपूर, म्हणून वरती सूक्ष्म वनस्पतींचं पीक येतं. ती मरतात, तळाशी जाऊन कुजतात आणि कुजताना उरलासुरला ऑक्सिजनही खातात.

आता या साखळीतली गंमत लक्षात घ्या. उपग्रहाला दिसणारं हिरवं पाणी म्हणजे अन्न, म्हणून तिथे मासे, असं गणित आहे. पण तेच हिरवं पीक खाली जाऊन तळाचं पाणी गुदमरवतं. वरून जे आमंत्रण दिसतं, त्याच्याच खाली पंधरा-वीस वाव पाण्यात जगणं अशक्य असू शकतं. आणि ऐन पावसाळ्यात ढगांमुळे उपग्रहाला ते हिरवं पाणीही नीट दिसत नाही.

हा काही नवा शोध नाही. कार्ल बान्झे या जर्मन समुद्रशास्त्रज्ञाने कोचीजवळ काम करून १९५९ साली लिहून ठेवलं की असं पाणी वर चढलं की तळाच्या ट्रॉलिंगची मासळी घटते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली 'नेचर'मध्ये हे संकट जगासमोर मांडलं. या उथळ भागातल्या ऑक्सिजन-टंचाईचं क्षेत्र सुमारे १ लाख ८० हजार चौरस किलोमीटर मानलं जातं. जोर केरळ, कर्नाटक, गोवा या पट्ट्यात जास्त, कोकणात उत्तरेकडे जावं तसा कमी. टंचाई पावसाळ्याच्या उत्तरार्धात, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला टोकाला जाते. काही ठिकाणी तळाच्या पाण्यात हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, सडक्या अंड्यासारखा वास येणारा विषारी वायू. गोव्यात कांदोळीसमोर शास्त्रज्ञ १९९७पासून नियमित मोजमाप करत आले आहेत. म्हणजे ज्ञान आहे. ते होडीपर्यंत पोचत नाही, एवढंच.

मासा या पाण्यात काय करतो? साधारणपणे लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या खाली ऑक्सिजन गेला की बहुतेक मासे तिथे टिकत नाहीत. पोहता येणारे पळतात. लेपा, खेकडे असे तळाला धरून राहणारे अडकतात किंवा उथळ पाण्याकडे सरकतात. म्हणजे मासळी नाहीशी होतेच असं नाही, ती एका अरुंद पट्टीत दाटते. त्या पट्टीत ज्याचं जाळं पडेल त्याची चांदी, बाकीच्यांचं डिझेल पाण्यात.

खरा धोका इथेच आहे. अटलांटिकच्या उष्ण भागात अभ्यासकांनी दाखवलं आहे की ऑक्सिजन कमी असलेला थर वर सरकल्यामुळे १९६० ते २०१० या काळात मार्लिन आणि कुप्यासारख्या वेगवान माशांची राहण्याची जागा सुमारे १५ टक्क्यांनी आकसली. मासा वर ढकलला गेला की तो जाळ्यात सोपा सापडतो. आकडा वाढतो. बंदरावर सगळे म्हणतात, यंदा मासळी चांगली. आणि त्या आकड्यावर आपण पुढच्या बोटींची कर्जं, अनुदानं आणि धोरणं ठरवतो.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, सर्व्हरवर नजर ठेवणारी यंत्रणा बांधतो. आमच्यात एक साधा नियम आहे: रिक्वेस्ट किती आल्या एवढंच मोजून सर्व्हर ठणठणीत आहे म्हणता येत नाही. मेमरी संपत आली असेल तर तो वेगाने काम करता करता झोपतो. समुद्राच्या बाबतीत आपण फक्त रिक्वेस्ट मोजतोय. किती टन उतरले, कुठल्या बंदरात, कुठल्या बोटीने. आत काय संपत चाललंय त्याचा आलेख कुणाच्या भिंतीवर नाही.

आलेख नसला की भांडण माणसांवर येतं. रापणवाले ट्रॉलरला दोष देतात, ट्रॉलरवाले पर्ससीनला, आणि सगळे मिळून एलईडीवाल्यांना. अतिरेकी मासेमारी खरी आहे, एलईडीच्या प्रकाशात केलेली लूटही खरी आहे. त्यावर कारवाई झालीच पाहिजे. पण मासळी नेमकी जाळ्याने संपली की पाण्याने हाकलली, हे वेगळं करता आलं नाही तर ऑक्सिजन-टंचाईचं खापर सगळ्यात दुबळ्या होडीवर फुटणार. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. ही बंदी नारळी पौर्णिमेपर्यंत किंवा १५ ऑगस्टपर्यंत वाढवा, अशी मागणी इथले मच्छीमार कितीदा करत आले आहेत. ती बरोबर की चूक, हे ठरवताना तळाच्या पाण्याचं मोजमाप चर्चेत नको?

'एवढ्या मोठ्या समुद्रात मोजणार कसं?' हा आवडता बचाव. अमेरिकेत मेक्सिकोच्या आखातातली ऑक्सिजन-टंचाई १९८५पासून जवळजवळ दर उन्हाळ्यात मोजली जाते. आकडा जाहीर होतो, वर्तमानपत्रांत छापून येतो. २०१७ साली तो सुमारे २२,७०० चौरस किलोमीटर होता, त्यांचा विक्रम. आपल्याकडचं क्षेत्र त्याच्या सात-आठ पट, आणि आपल्यापैकी किती जणांनी हे ऐकलंय? ओरेगॉनच्या किनाऱ्यावर २००२ साली पिंजऱ्यात मेलेले खेकडे वर यायला लागले. पुढे तिथल्या विद्यापीठाने खेकडेवाल्यांच्याच पिंजऱ्यांना ऑक्सिजनचे सेन्सर लावले. बोट रोज तिथे जातेच. मोजमाप तिच्याबरोबर फुकट प्रवास करतं. आपल्याकडे तर शेकडो ट्रॉलर रोज जाळं तळापर्यंत सोडतात.

दुसरा आक्षेप: मच्छीमार हा आकडा घेऊन करणार काय? हा प्रश्न विचारणाऱ्यांनी एकदा तांडेलाशी बोलावं. पाण्याचा रंग, ओढ, वास यांवरून जाळं टाकायचं की नाही हे ठरवणाऱ्या माणसाला 'खाली हवा नाही' हे सांगितलेलं समजत नाही, असं मानणं हा शुद्ध शहरी उद्धटपणा आहे.

म्हणून मागण्या तीन. ऑगस्ट ते नोव्हेंबर निवडक बोटींच्या जाळ्यांवर सेन्सर लावा आणि त्याचं भाडं बोटमालकाला द्या. आलेला आकडा संशोधनपत्रिकेची वाट न बघता, मासळीच्या सल्ल्याबरोबर मराठी-कोकणीत त्याच आठवड्यात फोनवर द्या. आणि मासळीचा साठा ठरवताना, कोटी-कोटींच्या बोटी मंजूर करताना हा आकडा टेबलावर ठेवा.

फोनवर मासे दाखवणं सोपं आहे, ते लोकांना आवडतं. मासे नाहीत आणि का नाहीत, हे दाखवायला सरकारला हिंमत लागते. ती दाखवत नाही तोवर त्या हिरव्या नकाशाला मी मच्छीमारांची सेवा म्हणणार नाही.