लोहमार्गाची वही

एखादें सार्वजनिक काम कोठवर आलें आहे हें शांतपणें व वर्षानुवर्षें पाहत राहण्याची संवय आपल्या सुशिक्षित घरांतूनही फारशी आढळत नाहीं. कामाची घोषणा झाली म्हणजे आपण हर्षित होतों. पायाभरणीचा नारळ फुटला म्हणजे छायाचित्र पाहतों. आणि मग काम रेंगाळलें म्हणजे ‘आपल्याकडे असेंच चालायचें’ असें म्हणून मोकळे होतों. हर्ष आणि वैताग यांच्या मध्यें एक तिसरी वृत्ति आहे, ती हिशेबाची. वाण्याच्या यादींत पांच रुपये अधिक लागले तर आपल्या घरांतील गृहिणी त्याला जाब विचारते; परंतु कोट्यवधि रुपयांच्या कामाविषयीं सगळें घर मिळून एक ओळही टिपून ठेवीत नाहीं. या महिन्यांत त्या हिशेबाविषयीं आम्ही चार शब्द लिहिणार आहों, आणि उदाहरण म्हणून आमच्या बीड जिल्ह्यांतील लोहमार्ग घेणार आहों.

निमित्त एका पत्राचें आहे. पुण्याच्या एका वाचकभगिनीनें विचारलें आहे कीं, ‘‘आमची कुलस्वामिनी अंबाजोगाईची योगेश्वरी. सासूबाईंना मोटारीचा लांबचा प्रवास आतां सोसत नाहीं. तुमच्याकडील रेल्वे झाली असें वाचलें. तर त्या गाडीनें दर्शनास येतां येईल काय? आमच्या घरापुढें मेट्रोचे खांब उभे राहतांना आम्हीं रोज पाहिले. तुमची रेल्वे मात्र केव्हां चालू होती आणि केव्हां बंद होती हेंच कधीं कळलें नाहीं.’’

या पत्रांतील शेवटचें वाक्य आम्हांस फार महत्त्वाचें वाटलें. पुण्याच्या मेट्रोची पायाभरणी २४ डिसेंबर २०१६ रोजीं झाली आणि ६ मार्च २०२२ रोजीं तिच्या पहिल्या दोन तुकड्यांवर उतारू बसले. मधल्या पांच वर्षांत त्या कामाला लाखों साक्षीदार होते. खांब उभा राहिला तो लोकांनीं पाहिला, खांबावर तुळई चढली तीही पाहिली, आणि काम थांबलें तर तेंही रस्त्यावर अडकलेल्या प्रत्येक माणसाला कळलें. आमचा लोहमार्ग आष्टी, पाटोदा, शिरूर या तालुक्यांच्या जिरायत रानांतून येतो. तेथें मातीचा भराव एक पावसाळा तसाच पडून राहिला तर त्याचा साक्षीदार मेंढपाळच. जें काम डोळ्यांसमोर नसतें, त्याची नोंद कागदावर ठेवावी लागते. शिक्षक असतांना आम्हीं या मार्गासाठीं एक वही घातली; सेवानिवृत्तीनंतरही ती चालू आहे. तींतील मजकूर थोडक्यांत देतों.

आरंभीं थोडा इतिहास. अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, धोंड-मनमाड मार्गानें १८७८ सालीं आगगाडी आली. इकडे आमच्या जिल्ह्याच्या पूर्व टोकास, वैजनाथाच्या परळीस, निजामी राजवटींत विकाराबादकडून लोहमार्ग आला. नगर मुंबई इलाख्यांत, बीड हैदराबाद संस्थानांत. एका सरकारची रेल्वे पश्चिमेकडे राहिली, दुसऱ्याची पूर्वेकडे राहिली, आणि मधला प्रदेश कोणाच्याच नकाशांत मुख्य नव्हता. बीड हें जिल्ह्याचें मुख्य ठिकाण, परंतु तेथील मनुष्याला आगगाडी पाहावयाची तर नगर, परळी किंवा जालना गांठावें लागे. संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजीं मुक्त झालें. राज्याची सीमा पुसली गेली, पण लोहमार्गांमधील खंड तसाच राहिला. तो खंड भरून काढणारा मार्ग म्हणजे नगर-बीड-परळी. लांबी सुमारें २६१ किलोमीटर.

आतां वहींतील मुख्य नोंदी. १९९५-९६ सालीं मार्गास मंजुरी. अंदाजी खर्च सुमारें ३५३ कोटि रुपये. त्यानंतर पुष्कळ पानें सर्वेक्षण, तरतूद, आश्वासन, शिष्टमंडळ या शब्दांनींच भरलेलीं आहेत. २०१७ सालीं नगरपासून नारायणडोहपर्यंत, म्हणजे जेमतेम बारा किलोमीटरांवर, चांचणीची गाडी धांवली. २०१९ सालीं चांचणी सोलापूरवाडीपर्यंत आली व डिसेंबर २०२१ मध्यें आष्टीपर्यंत. २३ सप्टेंबर २०२२ रोजीं आष्टी-नगर या ६६ किलोमीटरांवर उतारूंची गाडी सुरू झाली. १६ ऑक्टोबर २०२३ रोजीं याच गाडीच्या डब्यांना वाटेंत आग लागली. उतारू वेळीं खालीं उतरले म्हणून प्राणहानि टळली. ही नोंद अप्रिय खरी, पण वहींत तीही असली पाहिजे. आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजीं, मुक्तिदिनाच्या ७७ व्या वर्षदिनीं, बीड शहराला पहिली उतारू गाडी मिळाली. नगरपासून बीडपर्यंत सुमारें १६७ किलोमीटर. त्या दिवशीं परळीपर्यंतचे सुमारें ९४ किलोमीटर उरले होते, आणि सबंध मार्गाचा खर्च ४,८०५ कोटि रुपयांवर गेला होता.

या आंकड्यांवर आम्हीं एकदां वर्गांतील मुलांप्रमाणें त्रैराशिक मांडून पाहिलें. मंजुरीपासून आष्टीची गाडी सुरू होईपर्यंत सत्तावीस वर्षें. त्यांत ६६ किलोमीटर झाले. वर्षाला अडीच किलोमीटरही पडत नाहींत. या गतीनें २६१ किलोमीटरांस एकशें सात वर्षें लागतीं, म्हणजे परळीची गाडी इसवी सन २१०२ मध्यें आली असती! परंतु पुढच्या तीनच वर्षांत १०१ किलोमीटर झाले. वर्षाला सुमारें चौतीस. आणि याच गतीनें सारा मार्ग आठ वर्षांत पुरा झाला असता. मार्ग तोच, जमीन तीच, बालाघाटाचे डोंगर तेच, आणि गति चौदापट. यावरून काय घ्यावयाचें? काम हळू चालण्याचें कारण कामांत नसून कामाच्या मागें असतें, हें घ्यावयाचें.

पहिलें कारण पैसा. कोंकण रेल्वेचें महामंडळ १९९० सालीं स्थापन झालें आणि १९९८ च्या जानेवारींत सुमारें ७४० किलोमीटरांचा सारा मार्ग खुला झाला. सह्याद्रीचे बोगदे, खोल दऱ्या, तुफान पाऊस. आमच्या माळरानाशीं त्याची तुलनाच नको. पण तेथें कामाचा मालक एक होता, रेल्वे आणि चार राज्यें यांचे वाटे आरंभींच ठरलेले होते, आणि रोखे विकून रक्कम उभी केलेली होती. आमच्या मार्गाला वर्षांमागून वर्षें अर्थसंकल्पांतून थोडी थोडी तरतूद मिळत गेली. ज्या घरांत लग्नाचा खर्च दर महिन्याच्या पगारांतून थोडा थोडा करावयाचा, त्या घरांतील मुलगी किती वर्षें थांबेल हें गृहस्थांना सांगावयास नको. पुढें अर्धा खर्च केंद्रानें व अर्धा राज्यानें सोसावा असें ठरलें, तेव्हां कामाला धनी मिळाला. आणि दोघांचे हप्ते नियमानें येऊं लागले, तेव्हां त्याला पाय फुटले.

दुसरें कारण जमीन. २६१ किलोमीटरांची पट्टी शेंकडों गांवांच्या शिवारांतून जाते. जमिनीची मोजणी, वारसांचीं नांवें, विहिरींची व झाडांची किंमत, भावाभावांतील वांटणीचे जुने दावे, या सर्वांतून एक एक गट मोकळा होतो. मधला एक तुकडा अडला तर दोन्ही बाजूंचा भराव निरुपयोगी. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानें ग्रामीण भागांत मोबदला बाजारभावाच्या चौपटीपर्यंत जाऊं शकतो. हें न्याय्यच आहे. खर्च तेरा पटींहून अधिक झाला म्हणून जे नाक मुरडतात, त्यांनीं त्यांतील किती वाढ महागाईची, किती शेतकऱ्याच्या मोबदल्याची आणि किती निव्वळ विलंबाची, हें वेगळें करून पाहावें. दोष द्यावयाचा तो तिसऱ्या भागाला.

आतां ‘झाली’ या शब्दाकडे येतों. वर्तमानपत्रांत काम शेंकडा इतकें झालें असें छापून येतें. हा आंकडा खोटा असतो असें नाहीं, पण तो कशाचा हें विचारावें. जमिनीचा, भरावाचा, पुलांचा, कीं खर्च झालेल्या रुपयांचा? सूचीकटाहन्याय आपणांस ठाऊक आहेच. लोहाराकडे एकानें सुई मागितली व दुसऱ्यानें कढई, तर तो सुई आधीं करून देतो. सोपा भराव झपाट्यानें होतो व शेंकड्याचा आंकडा फुगतो. नदीवरील पूल आणि अडलेला एखादा गट ही कढई, ती मागें राहते. भरावानंतर खडी, खडीवर कांक्रीटच्या आडव्या तुळया, त्यांवर रूळ, मग इंजिनाची चांचणी. आणि हें सर्व झाल्यावर रेल्वे संरक्षा आयुक्त स्वतः येऊन मार्ग तपासतात. त्यांच्या अनुज्ञेवांचून उतारूंची गाडी सोडतां येत नाहीं. हें आयुक्त रेल्वेच्या मंत्रालयाखालीं नाहींत, नागरी विमानवाहतुकीच्या मंत्रालयाखालीं आहेत. ज्यानें काम केलें त्यानेंच तें पास करूं नये, या तत्त्वावर १९४१ सालीं ही तपासणी रेल्वे बोर्डापासून वेगळी काढली गेली. परीक्षक व शिकविणारा एक नसावा, हें आम्हां शिक्षकांस तरी सहज पटेल. म्हणून आमच्या वहींत एकच कसोटी आहे: तिकीट काढून सामान्य मनुष्य जेथवर जाऊं शकतो, तेथवर मार्ग झाला. बाकी सर्व तयारी.

कोणी म्हणेल, या टिपणांचा उपयोग काय? आम्हीं वही लिहिली म्हणून रूळ एक वीतही पुढें सरकला नाहीं, हें खरें. तथापि १९९५ सालीं दहा वर्षांचा असलेला मुलगा बीडला गाडी आली तेव्हां चाळिशीला पोंचला होता. त्याचें शिक्षण, त्याची नोकरी, त्याचें घर सोडून पुण्यास जाणें, सर्व या मार्गाच्या बाहेरच घडून गेलें. ज्यांनीं आपलीं शेतें मार्गासाठीं दिलीं त्यांपैकीं किती जण गाडीची शिटी ऐकण्यास उरले असतील, हें ज्यानें त्यानें आपल्या गांवांत मोजावें. ज्यांनीं या मार्गाचा ध्यास घेतला ते गोपीनाथराव मुंडे २०१४ सालीं वारले, तेव्हां एक तुकडाही खुला नव्हता. दसरा झाला म्हणजे याच जिल्ह्यांतून लाखों कुटुंबें ऊस तोडण्यासाठीं पश्चिमेकडे व कर्नाटकांत जातात. एका गाडीनें त्यांचें दैन्य फिटणार नाहीं. पण माल नेण्या-आणण्याची सोय झाल्याशिवाय येथें कारखानदारी येणार नाहीं, आणि ती आल्याशिवाय घरीं राहून पोट भरण्याचा प्रश्न सुटणार नाहीं. विलंबाची किंमत रुपयांत छापली जाते. ती खरोखर आयुष्याच्या वर्षांत द्यावी लागते. ती दिली गेली याची नोंद तरी राहावी, आणि पुढच्या मागणीच्या वेळीं ‘फार दिवस झाले’ असें मोघम न म्हणतां ‘सत्तावीस वर्षांत ६६ किलोमीटर’ असें नेमकें म्हणतां यावें, एवढ्यासाठीं वही.

आतां आमच्या भगिनीस उत्तर. सप्टेंबर २०२५ मध्यें गाडी आली ती बीडपर्यंत. तेथून अंबाजोगाईस मोटारीनेंच जावें लागतें व तें अंतर थोडें नाहीं. तेव्हां बीड-परळी हा तुकडा खुला होईपर्यंत वृद्ध मनुष्यानें कुर्डुवाडी-लातूरच्या वळशानें परळीस उतरणें अधिक सुखाचें. परळीहून अंबाजोगाई सुमारें पंचवीस किलोमीटर आहे व वैजनाथाचें दर्शनही घडतें. मार्गशीर्षांत देवीचा उत्सव असतो, त्या दिवसांत यावयाचें तर आसनें आधीं राखून ठेवावीं.

शेवटीं वाचकांस एक सूचना. आपल्या गांवाजवळ धरण, पूल, रस्ता, रुग्णालय, कांहीं ना कांहीं काम चालू असेलच. घरांतील सातवी-आठवीच्या मुलामुलींपैकीं एकाकडे शंभर पानांची वही द्यावी. पांच रकाने आंखावे: दिनांक, सांगितलेली मुदत, लागलेला पैसा, प्रत्यक्ष झालेलें काम, आणि ही माहिती कोठून कळली. महिन्यांतून एकदां, रविवारीं जेवणें झाल्यावर, घरांतील वडील माणसानें ती वाचून घ्यावी. शेरा मारूं नये, राजकारणाचा वाद काढूं नये. आंकडा चुकला असेल तर तेवढा दुरुस्त करून घ्यावा. आमच्या वहींत बीडच्या खालीं वडवणी, सिरसाळा, परळी अशीं नांवें लिहिलेलीं आहेत. बीडला गाडी आली त्या दिवशीं त्यांच्यापुढील दिनांकाचा रकाना रिकामा होता. प्रत्येक ठिकाणीं तिकीट मिळूं लागेल त्या दिवशीं तो भरावयाचा, त्याआधीं नाहीं, असा घरांतील मुलांना नियम घालून दिला आहे.

पुढील महिन्यांत घरांतील जुन्या दस्तऐवजांची निगा कशी राखावी याविषयीं लिहूं.