चंद्रपूरच्या घरात स्पीकर दोन की सहा?

दिवाळीच्या तोंडावर अनेक घरांत टीव्ही बदलतो आणि त्याच्यामागोमाग आवाजाचा प्रश्न उभा राहतो. टीव्ही पातळ झाले तसे त्यांच्या पोटातले स्पीकरही लहान झाले. संवाद नीट कळत नाहीत, गाणी कोरडी वाटतात. मग दोन चांगले स्टिरिओ स्पीकर घ्यावेत, की समोर, बाजूला आणि मागे लावायचा सराउंडचा संच?

सराउंडची बाजू आधी मांडू, कारण ती कमकुवत नाही. ५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर. त्यातला टीव्हीखालचा मधला स्पीकर सर्वांत कामाचा. सिनेमातले बहुतेक संवाद त्यातून येतात. घरात कमी ऐकू येणारे आजोबा असतील, तर तेवढ्या एका स्पीकरचा आवाज वाढवता येतो. नुसत्या दोन स्पीकरांत ही सोय नाही. कोपऱ्यात तिरके बसलेल्यालाही माणूस पडद्यातूनच बोलतोय असे वाटते. दिशेचे महत्त्व तर आपल्या जिल्ह्याला सांगायला नको. ताडोबात वाघ दिसण्याआधी चितळाचा कॉल येतो आणि तो कुठून आला हे ओळखून गाइड जिप्सी वळवायला सांगतो. जंगलावरचा चांगला माहितीपट सराउंडवर पाहताना हा अनुभव थोडाफार घरात येतो. समोरच्या दोन स्पीकरांना तो तसा देता येत नाही.

पण घरात रोज वाजते काय? सकाळी आकाशवाणी, अभंग, जुनी गाणी, दुपारी यूट्यूबवर झाडीपट्टीच्या नाटकातले प्रवेश. हे जवळपास सगळे एक किंवा दोन चॅनेलचे ध्वनिमुद्रण आहे. १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवर सुरू झालेले ‘गीतरामायण’ मोनोच्या काळातले. वडसा-देसाईगंजच्या मंडळींची नाटके रात्रभर मंडपात रंगतात, तिथेही नट आणि गाणे समोरच असते. इंग्रज अभियंता ॲलन ब्लुमलाइन याने १९३१ मध्ये स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्यामागची कल्पना साधी होती: दोन कानांसाठी दोन स्पीकर, आणि त्यांच्यामधल्या रिकाम्या जागेत गायक उभा राहिल्याचा भास. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण जमला की हा भास खरोखर होतो. ‘सैराट’च्या संगीतासाठी अजय-अतुल यांनी अमेरिकेत मोठा वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. त्यातली व्हायोलिने वेगळी आणि रुंद ऐकायला दोन चांगले स्पीकर पुरतात.

दोन चॅनेलचे गाणे पाच स्पीकरांत पसरवण्याची सोय सराउंडचे स्पीकर ज्याला जोडतात त्या रिसीव्हरमध्ये असते. सिनेगीताला ती कधी खपून जाते. पण ख्यालाचा तानपुरा पाठीमागून वाजू लागला आणि आवाज पोकळ झाला की मैफलीचा रंगच जातो. मला हे सहन होत नाही.

आता खोली. कोळसा खाणीच्या किंवा वीज केंद्राच्या क्वार्टरमधला हॉल डोळ्यांपुढे आणा. दिवाण मागच्या भिंतीला टेकलेला, एका बाजूला स्वयंपाकघराचे दार, दुसऱ्या बाजूला खिडकी आणि तिच्यात कूलर. सराउंडचे स्पीकर ऐकणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना, किंचित मागे हवेत. इथे एक पडद्याआड जातो, दुसरा दारात येतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा कूलर दिवसरात्र सुरू. सिनेमातली पानांची सळसळ, दूरचा पाऊस असे मागच्या स्पीकरांतले बारीक आवाज त्याच्या घरघरीत बुडतात. सबवूफरचा खर्ज मात्र भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याकडे हमखास पोचतो. त्यात तेवढेच पैसे सहा डब्यांत आणि रिसीव्हरमध्ये वाटले की प्रत्येक डब्याच्या वाट्याला कमी येते. हलक्या संचात नेमका माणसाचा आवाज पातळ होतो.

म्हणून माझा कौल असा: ज्या घरात गाणे जास्त आणि सिनेमा कधीमधी, त्यांनी दोन स्पीकर घ्यावेत, त्यातल्या त्यात चांगले घ्यावेत आणि फरशीवर सतरंजी, खिडकीला जाड पडदा लावावा. उघड्या फरशीचा घुमारा तेवढ्याने बराच कमी होतो. ज्यांच्याकडे टीव्हीसाठी वेगळी खोली आहे, आसन भिंतीपासून पुढे ओढता येते आणि रोज रात्री सिनेमा पाहिला जातो, त्यांनी खुशाल सराउंड घ्यावे. मन ठरत नसेल तर पाच चॅनेलचा रिसीव्हर आणि आधी फक्त समोरचे दोन स्पीकर घ्या. मधला पुढच्या वर्षी जोडता येईल, मागचे त्यानंतर.

खरेदीला जाताना हॉलची लांबी-रुंदी लिहून न्या आणि वर्षानुवर्षे ऐकलेली आपली दोन गाणी सोबत ठेवा. दुकानदार स्फोटांचे दृश्य लावेल. त्याला थांबवून आपले गाणे लावायला सांगा, आणि तो तयार नसेल तर दुसरे दुकान बघा.