युनिक्स कोणी जगवले?

खाजगी मालकीचे कवच नसेल तर नवे शोध लागणार नाहीत आणि लागलेले टिकणार नाहीत, हा भांडवलशाहीच्या कैवाऱ्यांचा आवडता सिद्धान्त आहे. संगणकाच्या क्षेत्रात तर तो वेदवाक्यासारखा घोकला जातो. युनिक्स या कार्यप्रणालीचा इतिहास तपासला की त्याचे दोन्ही पाय लंगडे ठरतात.

१९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी पीडीपी-७ या यंत्रावर युनिक्सचा आरंभ केला. प्रयोगशाळा एटी अँड टी या टेलिफोन-मक्तेदार कंपनीची. तिच्या पैशाविना युनिक्स जन्मले नसते हे खरे. पण तो पैसा टेलिफोन-ग्राहकांच्या खिशातून आलेला होता. शिवाय १९५६ च्या न्यायालयीन हुकुमनाम्याने कंपनीला दळणवळणाबाहेरचा धंदा करण्यास मनाई होती. म्हणूनच युनिक्स विद्यापीठांना नाममात्र मोबदल्यात, मूळ संहितेसह मिळाले. ते फोफावले ते बाजाराच्या कृपेने नव्हे, मक्तेदारीला घातलेल्या वेसणीमुळे.

धंद्याची चाहूल लागताच चित्र पालटले. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या परवान्याने वर्गात मूळ संहिता शिकविण्यास बंदी घातली. न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील जॉन लायन्स यांनी सहाव्या आवृत्तीवर लिहिलेले भाष्य विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे छायाप्रतींवरून चोरून वाचावे लागले. ते उजळ माथ्याने प्रसिद्ध झाले १९९६ साली. १९८४ मध्ये कंपनीचे विभाजन होऊन संगणकाचा धंदा तिला मोकळा झाला. १९९२ मध्ये तिच्या उपकंपनीने बर्कलेच्या विद्यापीठीय आवृत्तीविरुद्ध खटला गुदरला. १९९४ च्या तडजोडीत सुमारे १८,००० फायलींपैकी काढाव्या लागल्या अवघ्या तीन!

आणि जतनाचे काय? जुनी यंत्रे भंगारात गेली. ती बनविणारी डिजिटल कंपनी १९९८ साली कॉम्पॅकने गिळली. आज युनिक्सची सातवी आवृत्ती घरगुती संगणकावर चालते ती एम्युलेटरमुळे, म्हणजे जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणाऱ्या आज्ञावलीमुळे. बॉब सप्निक यांनी १९९० च्या दशकात सुरू केलेला सिमएच हा असाच एक एम्युलेटर. वॉरन टूमी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरातून जुन्या फिती व कागद गोळा केले. २००८ साली पहिल्या आवृत्तीचा गाभा कागदावरील छापील संहितेवरून पुन्हा उभा करून चालविण्यात आला. हे काम प्रामुख्याने बिनपगारी श्रमांतून झाले. हक्कदार एससीओ कंपनीने १९९८ साली या हौशी अभ्यासकांना परवाना दिला, तोही १०० डॉलर घेऊन! २००२ मध्ये काल्डेरा कंपनीने प्रारंभीच्या आवृत्त्या खुल्या केल्या. पण सिस्टिम थ्री व सिस्टिम व्ही त्यातून वगळल्या. वारसा समाजाचा आणि किल्ली मालकाच्या कमरेला, असा हा न्याय!

काही कार्यकर्ते म्हणतील, हा सुशिक्षितांचा छंद. श्रमिकांच्या लढ्याशी त्याचा संबंध काय? संबंध निकटचा आहे. कामगाराचा भविष्यनिर्वाह निधी, शेतकऱ्याचा सातबारा, वृद्धाचे निवृत्तिवेतन यांचे हिशेब आज आज्ञावलींच्या पोटात आहेत. जी आज्ञावली उद्या चालविता येणार नाही, तिने केलेला हिशेब पडताळता येणार नाही. आणि जो हिशेब पडताळता येत नाही, त्याविरुद्ध दाद कशी मागणार? कागदी दप्तर वाळवीने खाल्ले तर निदान दिसते तरी. मालकाने कुलूपबंद करून ठेवलेली संहिता गुपचूप मरते.

आपल्या कायद्यातील विसंगती येथेच उघडी पडते. १९८४ च्या दुरुस्तीने संगणकाच्या आज्ञावलीला कॉपीराइटपुरता साहित्यकृतीचा दर्जा मिळाला. पण १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाला छापील ग्रंथाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात दाखल करावी लागते, तसे बंधन आज्ञावलीच्या मालकावर नाही. साहित्यकृतीचे हक्क हवेत, साहित्यकृतीचे कर्तव्य मात्र नको, ही लबाडी झाली.

म्हणून समाजवादी चळवळीने स्पष्ट मागणी केली पाहिजे: सार्वजनिक पैशाने घेतलेल्या प्रत्येक आज्ञावलीची मूळ संहिता सार्वजनिक दप्तरखान्यात जमा झाली पाहिजे, आणि मालकाने विक्री व देखभाल सोडताच ती एम्युलेटरवर चालविण्याचा, अभ्यासण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला मिळाला पाहिजे. युनिक्स वाचले ते मूठभर स्वयंसेवकांच्या चिकाटीने. समाजाची स्मृती अशा योगायोगावर सोडणे हा बेजबाबदारपणा आहे.