घरी गेलेल्या रुग्णाची नोंद कोण ठेवणार?

मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध अशा कितीतरी शस्त्रक्रिया आता ‘सकाळी दाखल, संध्याकाळी घरी’ अशा होतात. खर्च वाचतो, नातेवाइकांची धावपळ वाचते. बहुतेक रुग्ण बरेही होतात. सोय चांगलीच आहे. पण तिची एक बाजू वाचकांनी लक्षात घ्यावी.

पूर्वी रुग्ण आठवडाभर खाटेवर असे. ताप आला, जखम चिघळली, तर ते शस्त्रक्रिया करणाऱ्यालाच दिसे. आता त्रास घरी सुरू होतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी रुग्ण आमच्यासारख्या फॅमिली डॉक्टरकडे येतो किंवा थेट शहरातले मोठे इस्पितळ गाठतो. केंद्राच्या वहीत मात्र ‘प्रकृती ठीक, घरी सोडले’ एवढेच राहते.

याने बिघडते काय? बिहारमधील मुझफ्फरपूर येथे नोव्हेंबर २०२१ मध्ये एका नेत्र रुग्णालयात एकाच दिवशी ६५ जणांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया झाल्या. जंतुसंसर्ग होऊन अनेकांचे डोळे काढावे लागले. एकदम इतक्या जणांना इजा झाली म्हणून ते देशाला कळले. पण आठवड्याला एकच रुग्ण बिघडला आणि प्रत्येक जण वेगळ्या डॉक्टरकडे गेला, तर दोष द्रावणात आहे की उपकरणांच्या निर्जंतुकीकरणात, हे कळणार कुणाला? पहिल्याची खबर वेळेत पोचली, तर पुढच्यांचे डोळे वाचतात.

औषधाचा दुष्परिणाम झाल्यास १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर रुग्णालाही कळवता येते. शस्त्रक्रियेनंतरच्या इजेसाठीही असाच सोपा मार्ग हवा. प्रत्येक केंद्राने सातव्या आणि तिसाव्या दिवशी रुग्णाची विचारपूस करावी. गंभीर इजा, पुन्हा दाखल होणे व मृत्यू जिल्हा शल्यचिकित्सकांना कळवणे बंधनकारक असावे. आम्हा फॅमिली डॉक्टरांनीही असा रुग्ण आला की संबंधित सर्जनना त्याच दिवशी फोन करावा.

आमचे व्यवसायबंधू म्हणतील, लिहून दिले की तोच कोर्टात पुरावा! १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने डॉक्टरांची सशुल्क सेवा ग्राहक कायद्याखाली आली, तेव्हापासून ही धास्ती आहे. ती अगदीच खोटी नाही. म्हणूनच अशी नोंद गोपनीय असावी आणि शिक्षेसाठी नव्हे, सुधारणेसाठी वापरावी. उघड हलगर्जीपणाला मात्र तिची ढाल मिळू नये.

तोवर रुग्णांनी काय करावे? घरी जाताना डिस्चार्ज कार्ड आणि रात्रीही उचलला जाईल असा फोन नंबर मागून घ्यावा. डोळा दुखू लागला, लाल झाला, दिसणे कमी झाले, ताप आला, जखमेतून पू किंवा रक्त येऊ लागले, तर सकाळची वाट पाहू नये. कागदपत्रे मागितल्यास ७२ तासांत देणे हे २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार डॉक्टरांचे कर्तव्य आहे. आणि उपचार दुसरीकडे घेतले, तरी पहिल्या डॉक्टरांना जरूर कळवावे. ही चुगली नव्हे. पुढच्या रुग्णावरचे ते उपकारच आहेत.